करोडगिरी ओलांडून आलेली गोळी

जुने डबे, बरण्या आणि गोळ्यांचे कागद जमवणाऱ्याला बीड जिल्ह्यात फारसं घबाड लागत नाही. जत्रेतली रेवडी, गोडीशेव, बत्तासे तराजूत तोलून रद्दीच्या पुडीत मिळायचे आणि पुडी घरी पोचेपर्यंतच फाटायची. जपण्याजोगं वेष्टण आलं ते कारखान्याच्या गोळीबरोबर.

आणि ती गोळी परमुलखातून यायची. सप्टेंबर 1948 पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं, शेजारचा नगर जिल्हा 1947 पर्यंत इंग्रजांकडे. बाहेरून येणाऱ्या मालावर निजामाचं करोडगिरी खातं जकात घेई. बाजारात निजामाचा हाली सिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. 1929 साली सुरू झालेल्या विलेपार्ल्याच्या पार्लेची गोळी असो की वालचंद हिराचंद यांच्या रावळगावची, बीडच्या दुकानात बसायचं तर आधी ही सीमा ओलांडायची. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचा साखर उद्योग 1933 चा, गोळ्या 1942 पासूनच्या.

डब्यावर साल क्वचितच छापलेलं असतं. वय काढायचं ते बाकीच्या मजकुरावरून. किंमत आण्यांत असेल तर डबा बहुधा 1957 च्या आधीचा. ‘नये पैसे’ दिसले तर 1957 ते 1964 या सात वर्षांतला. तोळे-शेर जाऊन ग्रॅम आले की साठचं दशक उजाडलं म्हणावं. पिनकोड 1972 नंतरचा, शाकाहाराचा हिरवा ठिपका 2001 नंतरचा. ‘निजामाच्या काळातला’ म्हणून गळ्यात मारू पाहिलेल्या डब्याच्या बुडाशी पिनकोड निघाला, तर विकणाऱ्याला तिथूनच रामराम करावा.

पत्र्याचे डबे टिकले ते उपयोगी पडले म्हणून. गोळ्या संपल्या की त्यात सुईदोरा, बटणं, रेशनकार्ड. झाकणाची कड गंजते, चित्र बोटांनी पुसट होतं, पण डबा फडताळातच राहतो. दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या मेणकागदाचं नशीब तेवढं बरं नाही. 1963 च्या किसमीचा किंवा 1966 च्या पॉपिन्सचा पहिला कागद कुणी जपला असेल, तर तो एखाद्या शाळकरी पोरानं वहीत दाबून ठेवलेला.

फेब्रुवारी 2024 मध्ये रावळगावच्या गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्सच्या कंपनीनं 27 कोटींना घेतला. त्यात जमीन किंवा कारखाना नव्हता. विकले गेले ते ट्रेडमार्क आणि पाककृती. वेष्टणावरच्या नावाचा भाव तो एवढा!

तेव्हा आजीच्या फडताळात असा डबा सापडला, तर राखेनं घासू नका. कोरड्या फडक्यानं पुसा, बुडाशी काय छापलंय ते वाचा आणि तो कुठल्या गावच्या दुकानातून आला होता ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून चिठ्ठीवर लिहून आत टाका.