स्वारीची सनद

संगणकावरच्या खेळाविषयी या व्यासपीठावरून बोलावे हे काहींना थिल्लर वाटेल. परंतु आमच्या युनियनच्या कचेरीत येणारी तरुण मंडळी ज्या खेळात रात्रीच्या रात्री घालवितात, तो मी त्यांच्या पाठीमागे बसून पाहिला आणि त्यात मला युरोपच्या इतिहासाचे एक अख्खे प्रकरण सापडले. 'युरोपा युनिव्हर्सालिस' हे त्याचे नाव. तो स्वीडनमधल्या 'पॅरॅडॉक्स' मंडळींचा. २०१३ साली निघालेल्या चौथ्या आवृत्तीत तो १४४४ च्या नोव्हेंबरात सुरू होतो आणि १८२१ साली संपतो. आपण एक राज्य निवडावयाचे आणि ते वाढवावयाचे.

मौज अशी की, शेजाऱ्याचा मुलूख हवासा वाटला एवढ्याने भागत नाही. युद्धाला कारण लागते. लॅटिनमध्ये त्याला 'कासुस बेल्ली' म्हणतात, आणि खेळातही तोच शब्द आहे. कारण नसेल तर ते तयार करावयाचे. शेजारी राज्यात हेर पेरावयाचे, त्यांचे जाळे पुरेसे विणले गेले की अमुक प्रांत मुळात आपलाच, असा दावा रचावयाचा. 'रचावयाचा' हा शब्द माझा नाही, खेळाने वापरलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थच तो आहे. कारणावाचून चालून जाण्यास मनाई नाही, पण मग आपल्याच राज्याचे स्थैर्य दोन पायऱ्यांनी घसरते. आणि दावा असो वा नसो, फार गिळू लागलात की शेजारी तुमच्याविरुद्ध जूट करतात.

हे काही कोणा पोराच्या कल्पनेतून निघालेले नाही. चौदाव्या लुईचा फ्रान्स पाहा. १६४८ च्या वेस्टफालियाच्या आणि १६७८-७९ च्या नाइमेगेनच्या तहांत फ्रान्सला काही ठाणी मिळाली, ती 'त्यांच्या आश्रित मुलखासह'. आश्रित म्हणजे नेमके काय, हे तहात धड सांगितलेले नव्हते. लुईने ती फट बरोबर हेरली. १६७९ नंतर मेत्झ, ब्रायझाख आणि बझांसाँ येथे त्याने खास न्यायासने बसविली. तेथील कारकुनांनी शतकानुशतकांची दफ्तरे उपसली, जुन्या सरंजामी सनदा काढल्या, आणि कोणते खेडे कोणे एके काळी कोणत्या गढीला नजराणा देत होते ते शोधून काढले. मग त्या त्या सरदाराला बोलावणे जाई : या, आणि फ्रान्सच्या राजाशी इमान वाहा. फिर्यादी राजा, न्यायाधीश राजाचे, आणि निकालाची बजावणी करणारे घोडदळही राजाचेच! स्ट्रासबुर्ग या स्वतंत्र शहरासमोर तर १६८१ च्या सप्टेंबरात फौजच येऊन उभी राहिली, आणि ३० तारखेला शहराने दरवाजे उघडले.

आम्हां कामगारांना ही कार्यपद्धती अपरिचित नाही. माणसाला काढावयाचे आधी ठरते, आरोपपत्र मागाहून टाइप होते. एका गिरणीत तर मी असे आरोपपत्र पाहिले की, त्यावरची तारीख गुन्ह्याच्या तारखेच्या आधीची होती.

प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक याहून रोखठोक. १७४० च्या ऑक्टोबरात सम्राट सहावा चार्ल्स वारला, वारसा त्याच्या मुलीकडे, मारिया थेरेसाकडे आला, आणि डिसेंबरात फ्रेडरिक सायलेशियात घुसला. हक्काचा प्रश्न हे मंत्र्यांचे काम, सैन्याला हुकूम सुटलेले आहेत, अशा अर्थाचे त्याने आपल्या मंत्र्याला, पोडेविल्सला, नोव्हेंबरातच कळविले होते. मग १५३७ सालचा एक वारसा-करार पुढे करण्यात आला. (आपल्याकडे १८४८ साली सातारचे दत्तक नामंजूर झाले, तेथे तर गोळीही झाडावी लागली नाही.)

एवढे बळ हाताशी असता हा कागदाचा खटाटोप कशासाठी? माझे मत असे की, असा दावा शत्रूला पटविण्यासाठी नसतोच. तो तटस्थाला गप्प बसण्याची सोय म्हणून असतो, आणि घरच्या रयतेला कर देताना काहीतरी ऐकावयास मिळावे म्हणून. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातलेला होता; सम्राट त्यात गुंतलेला. १६८४ साली रेगेन्सबुर्ग येथे त्याने आणि स्पेनने लुईची ही मिळकत वीस वर्षांपुरती मान्य केली. परंतु सोय फार दिवस पुरली नाही. १६८६ साली आउग्सबुर्गचा संघ उभा राहिला आणि १६८८ साली युद्ध पेटले. खेळातली जूट ती हीच.

मात्र एका ठिकाणी खेळ आणि इतिहास यांची फारकत होते. खेळात सैनिक 'मनुष्यबळ' नावाच्या आकड्यात राहतात. लढाईत तो आकडा उतरतो, शांततेत काही वर्षांत पुन्हा चढतो, टाकीत पाणी भरावे तसा. हा शब्द आमच्या मालकवर्गाच्याही तोंडी फार असतो! १६८९ साली लुईच्या सैन्याने हायडेलबर्ग आणि मानहाइम जाळली, त्यांतून पळालेल्यांना कोणत्या आकड्यात धरावे? १६९३-९४ साली फ्रान्समध्ये पीक बुडाले, त्यात युद्धाचे कर आणि सैन्यासाठी होणारी धान्यखरेदी. त्या दुष्काळात नि रोगराईत फ्रान्समध्येच दहा लाखांहून अधिक माणसे मेली. त्यांपैकी बहुतेकांनी त्या न्यायासनांचे नावही ऐकले नसेल.

१६९७ साली राइसविक येथे तह झाला. कारकुनांनी दफ्तरांतून काढलेला बहुतेक मुलूख लुईने परत केला, लक्झेंबुर्गही सोडले. स्ट्रासबुर्ग तेवढे त्याने राखले.