लेगो संच, स्वरचित

डेन्मार्कमधील बिलुंड येथील लेगो कंपनीच्या ठोकळ्यांतून हौशी रचनाकाराने आखलेला छोटा संच. तो कंपनीचाच वाटायचा तर मापांची शिस्त हवी. शेजारच्या दोन खुंट्यांच्या केंद्रांत ८ मिमी. अंतर असते, ठोकळ्याची उंची ९.६ मिमी. आणि चपट्या पट्टीची ३.२ मिमी., म्हणजे तीन पट्ट्यांचा एक ठोकळा. दोन खुंट्यांमधली फटही ३.२ मिमी.च, तीत पट्टी उभी खुपसता येते, पण प्लॅस्टिकवर ताण येतो, म्हणून कंपनीचे रचनाकार ती जोडणी टाळतात. हौशी रचना बहुधा इथेच उघडी पडते. आत दडणारे तुकडे मुद्दाम भडक, वेगळ्या रंगाचे घेतात; त्यामुळे जोडणाऱ्या मुलाला ते चटकन सापडतात. हा बारकावा फार मोलाचा आहे. आराखड्यासाठी ‘स्टुडिओ’ ही मोफत संगणकप्रणाली वापरतात. ‘लेगो आयडियाज’ उपक्रमात (जपानमध्ये आरंभ २००८) १०,००० जणांचा पाठिंबा मिळालेली रचना कंपनी तपासते. भू-रसायनशास्त्रज्ञ एलन कोइमन यांचा तीन स्त्री-वैज्ञानिकांचा संच याच वाटेने २०१४ मध्ये बाजारात आला.