शिरोघात व शिरस्त्राण

डोक्यावर बसलेल्या माराने अथवा डोक्याच्या गतीत अकस्मात झालेल्या बदलाने मेंदूस होणारी इजा म्हणजे शिरोघात. या इजेचे दोन टप्पे असतात. आघाताच्या क्षणीच मेंदूतील कोशिका व तंतू दुखावतात, ती प्राथमिक इजा होय. पुढील काही तासांत वा दिवसांत रक्तस्राव, सूज, ऑक्सिजनची न्यूनता व रक्तदाबातील घट यांमुळे तीत जी भर पडते, ती दुय्यम इजा होय. वैद्यकीय उपचार मुख्यतः दुय्यम इजेवर चालतात. प्राथमिक इजा टाळता येते, परंतु एकदा झाल्यावर पुसून टाकता येत नाही. त्यामुळे या विषयाच्या इतिहासात शस्त्रक्रियेइतकेच शिरस्त्राणासही (हेल्मेट) महत्त्व आहे.

ईजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस या लेखात (सु. इ. स. पू. १६००) ४८ रुग्णांचे वर्णन असून त्यांपैकी २७ डोक्याच्या दुखापतींचे आहेत. हिपॉक्राटीझच्या नावे प्रचलित असलेल्या एका ग्रंथात कवटीच्या अस्थिभंगाचे प्रकार व कवटीस छिद्र पाडण्याची क्रिया यांचे विवेचन आढळते. पुढेही दीर्घकाळ लक्ष प्रामुख्याने हाडावरच केंद्रित राहिले. कवटी अभंग असूनही माणूस बेशुद्ध का पडतो, याचा समाधानकारक उलगडा होत नव्हता.

डेनी-ब्राउन व रिची रसेल यांनी १९४१ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोके घट्ट जखडून ठेवल्यास माराने बेशुद्धी येणे कठीण जाते. तेच हालू दिल्यास ती सहज येते, असे त्यांना आढळले. ऑक्सफर्ड येथील भौतिकीविज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये याची यांत्रिक मीमांसा केली. मेंदू दाबला जात नाही, पण त्याचा आकार चटकन बदलतो. डोके झटक्याने फिरले असता त्याचे थर एकमेकांवरून सरकून तंतू ताणले जातात, असे त्यांनी दाखविले.

याच काळात ऑक्सफर्ड येथे ह्यू केर्न्स (१८९६–१९५२) हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले मेंदूचे शल्यचिकित्सक कार्यरत होते. मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स यांना मोटारसायकलीच्या अपघातात डोक्यास मार लागून सहा दिवसांनी मृत्यू आला. त्यांना तपासण्यास बोलाविलेल्या वैद्यांत केर्न्स होते. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसणारे रस्त्यांवर मरण पावल्याचे त्यांनी १९४१ च्या लेखात नमूद केले. शिरस्त्राण घातलेले केवळ सात जखमी त्यांच्या पाहण्यात आले होते, पण त्यांपैकी एकही दगावला नव्हता. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याने कामावरील मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले.

नागरी कायदा मात्र मागे राहिला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये, तर ब्रिटनने १९७३ मध्ये सक्ती केली. अमेरिकेत १९७६ मध्ये केंद्राने राज्यांवरील दडपण काढताच अनेक राज्यांनी आपले कायदे रद्द वा सैल केले आणि मोटारसायकलस्वारांच्या मृत्यूंत वाढ झाली.

दरम्यान उपचारांतही प्रगती झाली. १९७१ मध्ये संगणकीय छेदचित्रणाचा (सी. टी. स्कॅन) प्रथम वापर झाल्यामुळे कवटीतील रक्ताची गाठ पुढे त्वरित ओळखता येऊ लागली. १९७४ मध्ये टीसडेल व जेनेट यांनी डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांवरून शुद्धीची पातळी ठरविणारी ग्लासगो श्रेणी मांडली. तथापि दोन्हींचा उपयोग आघातानंतरच होतो.

शिरस्त्राणाचे कठीण कवच आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरविते. आतील फेसाचा थर चेपला जाऊन डोके थांबण्यास अधिक अवधी मिळतो. हा थर पूर्ववत होत नसल्याने अपघातानंतर शिरस्त्राण बदलावे लागते, आणि हनुवटीखालचा पट्टा न बांधल्यास ते आघातापूर्वीच निसटू शकते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये दुचाकी चालविणाऱ्याप्रमाणेच मागे बसणाऱ्यासही ते बंधनकारक असून पगडी परिधान करणाऱ्या शिखांना सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलांचाही स्पष्ट समावेश झाला. केर्न्स यांनी मांडलेले तत्त्व आज सर्वमान्य असले, तरी त्याचा लाभ शिरस्त्राण प्रत्यक्ष डोक्यावर असण्यावरच अवलंबून आहे.