सँडोचा डबा

‘सँडो’ हा शब्द आपल्या घरांत आतां बिनबाह्यांच्या गंजीफ्राकापुरताच उरला आहे. वास्तविक तें एका बलोपासकाचें नांव. आणि दुधाची भुकटी पाण्यांत ढवळून पिऊन दंड पिळदार करूं पाहणाऱ्या आजच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची कथा पुष्कळ अंशीं त्याच नांवापासून सुरू होते.

यूजेन सँडो १८६७ सालीं प्रशियांतील कोनिग्सबर्ग येथें जन्मला. १८८९ सालीं लंडनच्या रंगभूमीवर सॅमसन नांवाच्या शक्तिप्रदर्शकास जिंकून तो प्रसिद्धीस आला. १८९३ सालीं शिकागोंत त्याच्या खेळांचा चालक झिगफेल्ड यानें हेरलें कीं, हा गृहस्थ काय उचलतो यापेक्षां तो दिसतो कसा, याचेंच लोकांस अधिक कौतुक आहे. अंगास पांढरी पूड फांसून तो ग्रीक पुतळ्याप्रमाणें उभा राही, आणि त्याचीं छायाचित्रें घरोघर जात. बळ ही आजवर अजमावण्याची वस्तु होती. ती आतां पाहण्याची झाली. १९०१ सालीं लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलांत त्यानें देहसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली, तेव्हां परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल हे होते.

देह पाहून जी हांव उत्पन्न होते, तिचें दुकान निघण्यास वेळ लागत नाहीं. सँडोनें व्यायामाचीं साधनें विकलीं, टपालानें धडे विकले, आणि प्लाझ्मन नांवाच्या भुकटीस आपल्या नांवाची ग्वाही दिली. साय काढून घेतलेल्या दुधांत जीं प्रथिनें राहतात, त्यांची ती वाळविलेली पूड. पुढें त्यानें स्वतःच्या नांवाचा कोकोही काढला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत तो धंदा बुडाला. येथें सनावळी जुळवून पाहण्याजोगी आहे. सॅमसनास जिंकणारा देह १८८९ सालीं सिद्ध होता. प्लाझ्मन इंग्लंडच्या बाजारांत आलें तें शतक संपतां संपतां. म्हणजे देह आधीं, डबा मागाहून. गिऱ्हाइकास मात्र तो क्रम उलटा दिसला, कारण जाहिरातींत दोहोंस एकाच चौकटींत बसविलेलें होतें.

सँडोची कीर्ति आपल्याकडेही पोहोंचली. १९०४-०५ च्या सुमारास तो स्वतः हिंदुस्थानांत खेळ करून गेला. पण त्यापूर्वींच, १८९७ सालीं, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं त्याचीं पुस्तकें व साधनें आणवून त्या पद्धतीचा व्यायाम सुरू केला होता. सुमारें दहा वर्षें तो करून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि आपल्या संस्थानांतील शाळांतून त्यांनीं ते रुजविले. साधनें सुटलीं, नित्यनियम सुटला नाहीं. आणि त्या नियमास विकत घेण्यासारखें कांहींच लागत नव्हतें.

आजच्या डब्यांत बहुधा चीज करतांना उरणाऱ्या निवळीचीं प्रथिनें असतात. जी निवळी पाश्चात्य गोठ्यांतून एके काळीं डुकरांपुढें ओतीत, तिचाच अर्क आतां हजारों रुपयांस विकला जातो. तें विष नव्हे, तसें अमृतही नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेंत स्नायु वाढविण्यासाठीं अशीं पूरकें टाळावींत असें सांगितलें आहे. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारें ४५ ग्रॅम प्रथिनें लागतात. भाकरी, डाळ, उसळ, दूध, दहीं, अंडें यांतून तीं मिळूं शकतात.

जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं मुलानें वजनें उचलण्यास हरकत असण्याचें कारण नाहीं. चिंता निराळी आहे. सँडोच्या छायाचित्रावरून नजर काढून मुलगा घरीं येऊं शके. आजचें चित्र त्याच्या खिशांतील फोनांत आहे, आणि आपलें अर्धवट वाढलेलें शरीर तो दिवसांतून दहादां त्याच्याशीं ताडून पाहतो. ज्या वयांत छाती रुंदावण्यास काळच हवा असतो, त्या वयांत त्यास स्वतःच्या देहाची लाज वाटूं लागते, व त्या लाजेवरच डबा खपतो. मुलाच्या हातांतून डबा हिसकावून घेतल्यानें ही लाज जाणार नाहीं. त्याच्याजवळ बसून त्यास सँडोची सनावळी सांगावी. चित्रांतला देह आधीं घडला कीं डबा आधीं आला, हें विचारण्याची संवय त्यास एकदां लागली, म्हणजे बाकीचें तो आपण होऊन ओळखील.