थ्रेड 🧵 : पडणाऱ्याला झेलणारा दोर

१/९
अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगड उभा आहे. त्याचा कोकणकडा आत वळलेला, अर्धवर्तुळाकार. अशा कड्यावर आरोहकाचा जीव दोरावर अवलंबून असतो. पण पडणाऱ्या माणसाला दोर वाचवतो कसा? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

२/९
दोर महाराष्ट्राला नवा नव्हता. मोटेचा नाडा विहिरीतून पाण्याचा भार ओढी. १६७० च्या सिंहगड मोहिमेभोवती घोरपडीची दंतकथा रचली गेली, तिच्यातही दोर आहे. मात्र हे दोर संथपणे भार पेलणारे होते. पडत्या देहाचा हिसका ही निराळी परीक्षा.

३/९
१४ जुलै १८६५. आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर करून एडवर्ड व्हिंपर यांचा सात जणांचा चमू उतरत होता. एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे दरीत कोसळले. तुटलेला दोर त्यांच्याजवळच्या दोरांत सर्वांत कमकुवत होता. त्याचा तुकडा आजही झेरमॅटच्या संग्रहालयात आहे.

४/९
मग दोर केवळ जाड केला तर? हिशेब पाहा. ८० किलोचा माणूस ४ मीटर पडला आणि दोराने त्याला १० सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर सरासरी बल त्याच्या वजनाच्या ४१ पट होते. तेच थांबणे १ मीटरमध्ये झाले, तर ५ पट. ताठ दोर तुटला नाही, तरी माणूस मोडतो.

५/९
म्हणून दोराला ताण हवा. १९३५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन घडवले. दुसऱ्या महायुद्धात त्याचे दोर वापरात आले. ताग-अंबाडीसारख्या वनस्पतिजन्य धाग्यांच्या मानाने नायलॉन कितीतरी अधिक ताणते आणि पडण्याची ऊर्जा स्वतःत जिरवते.

६/९
१९५० मध्ये अरनॉल्ड वेक्सलर यांनी या झेलण्याचे गणित मांडले. पडण्याची उंची भागिले वापरातील दोराची लांबी, हे गुणोत्तर निर्णायक ठरते. साथीदाराच्या वर २ मीटर चढून, मध्ये कुठेही दोर न अडकवता पडल्यास घसरण ४ मीटर, गुणोत्तर २. तीच ४ मीटरची घसरण २० मीटर दोरावर झाली, तर ०.२. लांब दोरात ऊर्जा जिरवायला अधिक धागा असतो.

७/९
१९५३ मध्ये जर्मनीतील एडेलरिड कंपनीने आत गाभा आणि बाहेर विणलेले वेष्टण असा दोर बनवला. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एकेरी दोराने ८० किलो वजनाच्या किमान ५ कठोर घसरणी सोसाव्या लागतात. पहिल्या घसरणीतील बल १२ किलोन्यूटनच्या आत राहिले पाहिजे.

८/९
कोकणकड्यावर रॅपलिंगसाठी वापरतात तो स्टॅटिक दोर. तो जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे उतरणारा हेलकावत नाही. आघाडीवर चढणाऱ्यासाठी मात्र डायनॅमिक दोरच हवा. दोन्ही दिसायला सारखे. अदलाबदल झाली तर ताठ दोराचा हिसका जीवघेणा ठरू शकतो.

९/९
मोठी घसरण झेललेला दोर वरून धडधाकट दिसला, तरी त्याची ताणण्याची क्षमता घटलेली असते. म्हणून जाणते आरोहक प्रत्येक दोराची नोंदवही ठेवतात आणि शंका आली की तो दोर कायमचा बाजूला काढतात.