लोकरी मावा कुणी हटवला?

परवा टपरीवर एका पंचविशीतल्या शेतकऱ्याजवळ 'लोकरी मावा' म्हटलं, तर त्याला पानाच्या दुकानातला मावा वाटला. हसलो सगळे. पण मंडळी, २००२ साली आपल्या सांगली जिल्ह्यात याच शब्दानं लोकांची झोप उडवली होती.

त्या जुलैत तो इथं पहिल्यांदा दिसला. बंगाल आणि ईशान्येकडं तो आधीपासून होता, आपल्याला नवा. उसाच्या पानाखाली कापूस चिकटवल्यागत पांढरा थर. किडा रस शोषणार, चिकटा खालच्या पानांवर टपकणार, त्यावर काळी बुरशी चढणार. लांबून फड जळाल्यासारखा दिसायचा. मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, आणि पंखवाले मावे वाऱ्याबरोबर पुढच्या शिवारात.

मी तेव्हा डिप्लोमा करून नुकताच एका दैनिकाला चिकटलो होतो. माझी बातमी काय, तर 'तातडीने फवारणी करा'. फवारायचं कसं, हे विचारायचं सुचलंच नाही. दहा महिन्यांचा ऊस डोक्याच्या वर. पंप पाठीला लावून माणूस सरीत शिरला की मावा वर राहतो आणि औषध तोंडावर येतं. आमचे चुलते त्याच हंगामात चक्कर येऊन बांधावर पडले. दवाखान्यात दोन दिवस. ती बातमी मी दिली नाही.

त्यात औषधानं माव्याबरोबर त्याला खाणारेही मरत होते. खाणारा मुख्य म्हणजे डिफा. एका पतंगाची अळी, माव्याच्या थरातच जाळं विणून राहते आणि तिथंच त्याचा फडशा पाडते. दुसरा मायक्रोमस. नंतर एन्कार्शिया नावाची बारीक गांधीलमाशीही आणली गेली. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठं, साखर कारखाने या कामाला लागले. शेडनेटमध्ये मावा लागलेला ऊस राखून त्यावर डिफा वाढवायचा, अळ्या असलेली पानं कापून दुसऱ्याच्या उसाला टाचायची. शिफारस हेक्टरी १००० अळ्यांची. लोक आधी चेष्टा करायचे, "कीड मारायची सोडून हे अळ्या सोडायला लागलेत!" मग हीच माणसं पिशवीतनं पानं घेऊन पाहुण्यांच्या गावाला जायला लागली.

राज्याचं साखर उत्पादन २००२-०३ च्या ६२ लाख टनांच्या आसपास होतं, ते २००४-०५ ला २२ लाखांवर आलं. सगळं खापर माव्यावर फोडू नका, दुष्काळ त्याहून मोठा होता. पण दुष्काळात उरलेल्या उसालाही हा लागला, हे खरं. आजही मावा अधूनमधून दिसतो. बारकाईनं पान उलटून बघा, बहुतेकदा शेजारी डिफाही असतो.

२०१८ ला मक्यावर लष्करी अळी आली तेव्हा आमच्या एका पोरानं मथळा करून दिला, 'तातडीने फवारणी करा'. मी त्याला आधी मक्यात जाऊन ये म्हटलं.

त्या काळात डिफाची पानं वाटलेली, नेलेली माणसं आपल्याकडं अजून आहेत. कुणाकडं शेडनेटचे फोटो किंवा कारखान्याची जुनी पत्रकं असतील तर इनबॉक्समध्ये पाठवा. माझ्याकडं फक्त माझी चुकीची बातमी आहे.