झेंडूचं मूळ गाव

गॅलरीतल्या चार कुंड्यांत मी झेंडू लावलाय. मागच्या दसऱ्याची सुकलेली फुलं चुरून बी टाकलं. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला, तशा भरपूर फांद्या फुटल्या. ते पाहून घरी आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, तुमच्यात झेंडू चालतो?"

मी म्हटलं, "उर्दूत याला गेंदा म्हणतात, दर्ग्यातही वाहतात. पण इतिहास विचारशील, तर हा मूळचा ना तुझा, ना माझा."

झेंडू मेक्सिकोचा. तिथल्या नाहुआ लोकांच्या भाषेत त्याच्या नावातच 'वीस' हा आकडा आहे, पाकळ्या भरपूर म्हणून. आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे याच फुलांनी मृतांची आठवण जागवतात. १४९२ नंतर युरोपीय जहाजांतून तो जगभर पसरला. म्हणजे १२३६ मध्ये वारलेल्या अजमेरच्या ख्वाजासाहेबांनी तो पाहिला नव्हता, आणि १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वर माउलींनीही नाही.

तरी आज त्याच्याशिवाय तोरण होत नाही. त्याला कुणी बाहेरचा म्हणत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण अजून गाव विचारत बसतो.

पोरगा गप्प झाला. जाताना बी मागून घेऊन गेला.